लाल कागदाखालचे नाव

मी, यिप सूक-यी, वय सत्तेचाळीस, विमा प्रतिनिधींच्या परवाना परीक्षेला बसणाऱ्यांना करार आणि विमा कायद्याची मूलतत्त्वे शिकविणारी अध्यापिका, कै. क्वान मान-होय यांची पत्नी, राहणार नॉर्थ पॉइंट, हाँगकाँग, हा कागद स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि कोणी भाग पाडले नसताना लिहीत आहे. येत्या अठ्ठावीस तारखेला माझ्या मेंदूतल्या एका फुगलेल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया आहे. शुद्धीविषयी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मत्सर हा शुद्ध हरपल्याचा पुरावा धरत नाहीत, हे मी पुस्तकांतून तपासून घेतले आहे.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी गेल्याच्या गेल्या रविवारी लिहिले. त्यावर सह्या झाल्या नाहीत, म्हणजे कायद्याने ते मृत्युपत्र नव्हतेच, तरीही रद्द करते. त्यात एक लबाडी होती. ती पुढे सांगेन.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्वान टिंग हिने करावी. टिंग ही माझ्या नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी, वय सव्वीस. चौदा वर्षांची असल्यापासून ती शनिवार-रविवार आमच्याकडे राहायची. मला ती ‘यी मावशी’ म्हणते. एकदाच, तापात, ‘आई’ म्हणाली. ती तारीख माझ्या वहीत आहे. हाक नेमकी कोणाला मारली होती, हे मी तिला कधी विचारले नाही.

कलम २. राहते घर टिंगला द्यावे. त्यातला अर्धा वाटा तिच्या वडिलांचाच होता. घर विकावे, भाड्याने द्यावे, स्वतः राहावे, तिची मर्जी. मात्र तिने आपल्या आईला या घरात राहायला आणू नये.

कलम ३. मान-होयची कामाची पेटीही टिंगला. तो बंदरावर माल-पाहणी करायचा. बोटीतला माल भिजून आला की विमा कंपनी त्याला पाठवायची, नुकसान कशाने झाले ते ठरवायला. पेटीत विजेरी, छोटा हातोडा, ओल मोजायचे यंत्र आणि सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली आहे. भिजलेल्या पोत्यावर तिचे दोन थेंब टाकायचे. पांढरे दुधाळ डाग उठले तर पाणी समुद्राचे, नाही उठले तर पावसाचे. पाणी कोणते, यावर भरपाई मिळणार की नाही ते ठरते. नुकसानीचे नजीकचे कारण म्हणजे काय हे मी वर्गात पाऊण तास बोलून शिकवायची. २०१० साली पाहुणा म्हणून आलेल्या मान-होयने ते दोन थेंबांत शिकवले. मी तिथेच हरले. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केले.

बाटलीला मुदत असते. टिंगने ती दिव्याखाली ठेवू नये.

कलम ४. कलम दोनमधले शेवटचे वाक्य मी मागे घेते. खोडलेच असते, पण मृत्युपत्रात खोडाखोड केली की तिथे माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही लागते, आणि ते वाक्य बोट ठेवून साक्षीला येणाऱ्या शेजारच्या पुन बाईंना दाखवायची माझी तयारी नाही. घर टिंगचे. तिथे कोणी राहायचे ते तिने ठरवावे.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

मान-होयच्या अस्थी डोंगरावरच्या एका खाजगी अस्थिदालनात, तिसऱ्या मजल्यावरच्या ३११८ क्रमांकाच्या कोनाड्यात आहेत. कोनाडा दोघांचा आहे. तो मान-होयने आणि त्याची पहिली बायको तो मियू-लिंग (‘तो’ हे तिचे आडनाव) हिने २००३ मध्ये, दोघेही धडधाकट असताना, जोडीने विकत घेतला. आपल्याकडे अशी आगाऊ खरेदी आयुष्य वाढवते म्हणतात. पाटीवर दोघांची नावे कोरली आणि दोघेही जिवंत म्हणून दोन्ही नावे लाल रंगाने भरली. २००९ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. घर, दुकान, भांडी, टिंगचे शनिवार, सगळ्याची वाटणी कागदावर झाली. कोनाड्याचे नाव कोणी काढले नाही. भांडणाच्या टेबलावर मरणाची गोष्ट कोण काढेल?

मान-होय २०२१ च्या फेब्रुवारीत गेला. कोनाडा उघडायला दुसऱ्या खरेदीदाराची सही लागली. मियू-लिंग आली, सही केली, रडली नाही, आणि निघून गेली. मान-होयचे नाव सोनेरी झाले. शेजारी तिचे नाव लालच राहिले.

मी त्याची दहा वर्षांची बायको. त्या पाटीवर मी कुठेही नाही.

त्या वर्षी चिंग मिंगला, म्हणजे वसंतातल्या पूर्वजांच्या सणाला, मी झाडू, फुले आणि तांदळाची खळ घेऊन गेले. पाटी पुसली, उदबत्ती लावली आणि मियू-लिंगच्या नावावर चार बोटे रुंदीचा लाल कागद चिकटवला. जिवंत माणसाचे नाव लाल कागदाने झाकायची रीत आहेच, त्यामुळे रखवालदाराने पाहिले तरी काही म्हटले नसते. म्हणूनच लाल निवडला. मला ते नाव दिसायला नको होते. त्यानंतर दर चिंग मिंगला आणि शरदातल्या दर चुंग येउंगला मी नवा कागद लावला. आजवर सहा झाले.

ही माझी पहिली कबुली. रीत पाळल्याचे दाखवून मी मत्सर केला.

कलम ६. यंदा जूनमध्ये अस्थिदालनाच्या कार्यालयाचे पत्र आले. वर ‘क्वान मान-होय व तो मियू-लिंग’ असा मायना होता, पण पत्ता आमच्या घराचा. आत लिहिले होते की नव्या नियमांमुळे हयात खरेदीदाराने एकतीस डिसेंबरपर्यंत आपले नाव कायम करावे. तसे न झाल्यास ती जागा, मागणी असेल तर, मृताच्या कायदेशीर पत्नीच्या नावे करता येईल.

मला काहीच करायचे नव्हते. फक्त गप्प राहायचे होते.

मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवले. पाच महिने ते तिथे होते. त्या पाच महिन्यांत माझ्या दोन तुकड्या परीक्षेला बसल्या आणि दोन्ही वेळा मी फळ्यावर लिहिले: साध्या करारात गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. विक्रेत्याने आपल्या मालाची खोट आपणहून सांगायला हवीच असे नाही. विम्याचे तसे नाही. तिथे एकाला जे ठाऊक असते ते दुसऱ्याला कळायची सोय नसते, म्हणून विचारले नसले तरी महत्त्वाची गोष्ट सांगावीच लागते. त्याला परम सद्भाव म्हणतात. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मॅडम, नाही सांगितली तर?” मी म्हटले, “तर सगळा करार कोसळू शकतो.” आणि घरी येऊन ड्रॉवर उघडून पाहिला, पत्र आहे ना म्हणून.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. माझा मियू-लिंगशी कसलाही करार नाही, मग सद्भाव कसला? आणि हक्काचेच बोलायचे तर विमायोग्य हित कोणाचे? ज्याच्या जाण्याने ज्याचे नुकसान होते त्याचे. पण हे हित कधी असावे लागते, यात भेद आहे. आयुर्विम्यात ते विमा घेताना असले की पुरते, मालाच्या विम्यात नुकसान होताना असावे लागते. कोनाडा घेताना बायको ती होती, तो गेला तेव्हा मी. म्हणजे मान-होयला आयुष्य धरावे की माल, यावर निकाल अवलंबून. हे मी वहीत खरोखर लिहिले आहे, दोन पाने.

कलम ७. गेल्या महिन्यात शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि मग ड्रॉवरमधले पत्र मला झोपू देईना. या महिन्याच्या अकरा तारखेला, शनिवारी दुपारी, मी ते पिशवीत घालून साय यिंग पूनला मियू-लिंगच्या सुक्या मासळीच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हते. ती वाळवलेले शिंपले निवडत बसली होती.

“या, यिप बाई,” ती म्हणाली. “आज वर्ग नाही? की आम्हालाच शिकवायला आलात?”

“सूपसाठी संत्र्याची साल हवी होती.”

“सालीसाठी इतक्या लांब? तुमच्या इमारतीखाली तीन दुकानं आहेत.”

“तुमच्याकडची जुनी, मुरलेली असते, मियू-लिंगताई.”

“माझ्याकडे सगळं जुनंच मिळतं. नवरासुद्धा चांगला मुरवून दिला तुम्हाला.”

मी साल निवडत राहिले. पत्राला हात घातला, तेवढ्यात तीच म्हणाली, “एक बोलायचं राहून जातंय बघा. तो कागद.”

माझा हात पिशवीतच राहिला.

“माझ्या नावावरचा लाल कागद. मला वाटायचं टिंग लावते. ती म्हणाली, नाही, मावशी लावते, दर वेळी नवा. मेलेल्याशेजारी जित्या माणसाचं नाव उघडं राहिलं की यमाची नजर जाते म्हणायची माझी आजी. आमच्या घरात कोणाला आठवण नाही त्याची. सख्ख्या बहिणीला नाही. बाजारात सांगते मी, नवऱ्याची दुसरी बायको माझं आयुष्य वाढवतेय. कोणाला खरं वाटत नाही.”

“त्यात काय,” मी म्हटले.

“त्यात काय कसं? म्हणून तर पुडकी पाठवते. पोचतात ना?”

पोचत होती. अडीच वर्षे दर सणाला टिंगच्या हातून तिची पुडकी यायची. शिंपले, सुके अंजीर, सुपात घालायची पांढरी बुरशी. मला वाटायचे, मान-होयच्या चुलीवर अजून आपलाच हात आहे हे ती दाखवते आहे. एकही पुडके मी उघडले नाही. सगळी पुन बाईंना दिली. त्यांच्या सांधेदुखीला उतार पडला आहे.

करारासाठी दोघांच्या मनात एकच गोष्ट असावी लागते. तिच्या मनात आयुष्य होते आणि त्याचा मोबदला म्हणून ती शिंपले देत होती. माझ्या मनात तिचे नाव पुसणे होते. म्हणजे आमच्यात करार कधी झालाच नाही. तरी तिने अडीच वर्षे आपली बाजू पाळली.

मी साल घेऊन घरी आले. पत्र पिशवीतच होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ते पहिले मृत्युपत्र लिहिले. लबाडी अशी: त्यात मी मियू-लिंगला एक वस्तू ठेवली, आणि साक्षीदार म्हणूनही तिचेच नाव घातले. मृत्युपत्रावर साक्ष करणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही, हे तिला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. ती सद्भावाने आली असती, सही केली असती, आणि त्या सहीनेच तिची वस्तू गेली असती. तिने आभार मानल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हे लिहिले. तीन दिवस ते मेजावर होते. बुधवारी फाडले.

ती वस्तू म्हणजे मान-होयची २००३ ची खिशातली पाहणी-वही. तो सगळे लिहून ठेवायचा. खोक्यावरचा ओरखडा, दोरीची गाठ, बोटीवरच्या स्वयंपाक्याचे नाव. एका पानावर आहे: ‘कोनाडा ३११८. मियू-लिंगला खिडकीकडची बाजू हवी. दिली.’

त्याच्या मृत्यूनंतर हे पान माझ्या हाती लागले. त्याआधी एकदा, इस्पितळात, मी त्याला विचारले होते, पाटीवरचे ते नाव बदलून घ्यायचे ना. तो म्हणाला, “बघू. घाई काय आहे?” ओरखडासुद्धा न विसरणारा माणूस बारा वर्षे हे विसरला, की त्याने ते तसेच ठेवले? दोन थेंब टाकून कळण्यासारखी ही गोष्ट असती तर मी बाटली रिकामी केली असती.

ती वही या मृत्युपत्रान्वये मियू-लिंगला द्यावी. म्हणूनच ती या मृत्युपत्राची साक्षीदार नाही.

कलम ८. पत्राचीही सोय मी मृत्युपत्रातच करणार होते: माझ्या मृत्यूनंतर ते तिला द्यावे. पण मृत्युपत्र उघडेपर्यंत एकतीस डिसेंबर उलटून जाईल, हे मला कळत होते. नुकसान होऊन गेल्यावर सांगितलेल्या गोष्टीला सांगणे म्हणत नाहीत. म्हणून परवा, अठरा तारखेला, मी पुन्हा दुकानात गेले आणि पत्र तिच्या हातात दिले.

तिने चष्मा कपाळावर ढकलून ते डोळ्यांशी धरून वाचले.

“कधी आलं हे?”

“जूनमध्ये.”

“आणि आज?”

“अठरा नोव्हेंबर.”

तिने पत्र पुन्हा वाचले. शिव्या देईल म्हणून मी उभीच राहिले होते. ती म्हणाली, “म्हणजे ही जागा माझी आहे? मला वाटलं घटस्फोटात सगळ्याबरोबर तीही गेली, सही मागितली ती नुसती जुन्या कागदापुरती. नाव काय, खोदून काढायला मजुरी लागते म्हणून राहिलं असेल. मान-होयला कुठलं सुचायला?”

“त्याला सगळं सुचायचं. खोक्यावरचा ओरखडासुद्धा.”

“खोक्यावरचा. घरातलं मीठ संपलं तर तीन-तीन दिवस पत्ता नसायचा. तुमच्याकडे कळायचं?”

“नाही.”

त्यावर आम्ही दोघी हसलो. मला ते हसणे आवडले नाही. त्याचे मिठाचे विसरणे मला माझे एकटीचे वाटत होते.

मग ती एकदम एकेरीवर आली. “तुला हवीय का ती जागा? हवी असेल तर सरळ सांग. दोन सह्या करायच्या, मी करते. चौदा वर्षं ऐकलंय त्याचं घोरणं. पुढचं तू ऐक.”

इतका स्वच्छ प्रस्ताव मी पाठ्यपुस्तकातही पाहिलेला नाही. समोरच्याने फक्त ‘हो’ म्हणायचे होते. मी गप्प राहिले. गप्प राहणे म्हणजे स्वीकार नव्हे, हे मी बावीस वर्षे शिकवते आहे.

का गप्प राहिले, ते परवापासून स्वतःला विचारते आहे. जागा नको आहे असे नाही. हवी होती आणि आज लिहितानाही हवी आहे. पण मला ती त्याने दिलेली हवी होती, तिने सोडलेली नव्हे.

“बरं, नको सांगूस आत्ता,” ती म्हणाली. “टिंगनं सांगितलंय तुझ्या ऑपरेशनचं. बरी होऊन ये आणि मग सांग. आणि महिनाभर कोंबडी नको खाऊस. मासळीचं सूप घे, जखम भरते.” आणि तिने एक पुडके बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. ते पुडके मी पुन बाईंना दिलेले नाही.

कागदाचे खरे मात्र मी तिला तेव्हाही सांगितले नाही. तोंडाने जमले नाही. हे कलम टिंगने तिला वाचून दाखवावे, पाचवेही.

कलम ९. ज्याला प्रस्ताव दिला तो होकार देण्याआधी मेला तर प्रस्ताव संपतो. तो वारसांकडे जात नाही. म्हणून टिंग, मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठले नाही तर माझ्या वतीने आईकडे होकार द्यायला जाऊ नकोस. तिने आपले नाव कायम केले की नाही, हेही विचारू नकोस. उठले तर माझे उत्तर मी स्वतः देईन.

माझ्या अस्थी त्याच मजल्यावर, समोरच्या भिंतीतल्या ३२०७ क्रमांकाच्या एकट्याच्या कोनाड्यात ठेवाव्यात. काल नोंदवून आले आहे. तिथून ३११८ समोर दिसतो, आणि जिन्याने वर येणाऱ्याला आधी माझा कोनाडा लागतो. दोन्ही गोष्टी पाहूनच घेतला.

कलम १०. माझ्या वह्या, चोवीस, न वाचता जाळाव्यात. वर्गाच्या टिपणांची फाईल माझे सहकारी श्री. लोक काम-वा यांना द्यायची होती, पण तेही साक्षीदार आहेत, म्हणून ती मी त्यांना आजच देऊन टाकते. परम सद्भावाच्या धड्यात उदाहरण जुने आहे, त्यांनी नवे घालावे. उरलेले सर्व टिंगला.

कलम ११. शेवटचे. मियू-लिंगच्या नावावर दर चिंग मिंगला आणि दर चुंग येउंगला नवा लाल कागद लावायचे काम मी टिंगवर सोपवते. कागद जाड घ्यावा. खळ तांदळाची, घट्ट, चारी कडांना. पावसाळी हवेत कडा सुटतात, तेव्हा मध्येच जाऊन पाहावे. एकही खेप चुकवू नये.

आता या कागदामागे माझे हेतू दोन आहेत, आणि काही लपवले असे होऊ नये म्हणून दोन्ही लिहिते. पहिला मियू-लिंगने सांगितला तो. तो मला आता मान्य आहे. दुसरा माझा: ती जिवंत आहे तोवर त्याच्या शेजारची खिडकीकडची बाजू रिकामी राहील. तेव्हा तिने शंभर वर्षे जगावे. हे मी अगदी मनापासून लिहिते.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि न खोडता कायम केले. खाली सही करणारे दोघे एकाच वेळी हजर होते. त्यांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.

यिप सूक-यी (सही)

साक्षीदार:
१. पुन लाय-हान, शेजारीण (सही)
२. लोक काम-वा, सहकारी अध्यापक (सही)

नॉर्थ पॉइंट, हाँगकाँग
सोमवार, २० नोव्हेंबर २०२३